ओल्या सिमेंटवरचा आठ

"ओ बाई! उतरा खाली! फरशी ओली हाय!"

हाक आली तेव्हा माझा आठचा आकडा अर्धाच झाला होता. पायांतल्या स्केट्सची चाकं इतकी जड का फिरताहेत ते आत्ता कळलं. शहाण्या मुलीनं तिथंच थांबायला हवं होतं. पण अर्धा आठ टाकून उतरणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी दुसरा गोल पुरा केला आणि मगच उतरले.

सिविक सेंटर म्हणजे तेव्हा नुसत्या बांबूच्या परांच्या आणि विटांचे ढीग. दुकानांसाठी बांधलेल्या त्या लांब हॉलात आदल्या संध्याकाळी सिमेंट घातलं होतं, हे मला काय ठाऊक? साऱ्या भिलाईत अशी गुळगुळीत जमीन दुसरी नव्हती. कामगार यायच्या आत तिच्यावर पहिला हक्क सांगायला मी आले होते.

समोर उंच, सावळा ओव्हरसिअर उभा. केसांत सिमेंटची भुकटी.

"कोणाले विचारून आल्या तुमी?"

"मले नागपूरच्या स्पर्धेत जायचं हाय."

हे काही त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण तो रागवायचं विसरून माझ्या खुणांपाशी उकिडवा बसला.

"दोनी गोल सारखे पाहिजेत ना?"

"सारखेच आहेत!"

"डावा चपटा हाय."

त्यानं खिशातून सुतळी काढली, एक टोक अंगठ्यानं गोलाच्या मध्यावर दाबून धरलं आणि दुसरं फिरवलं. चपटा होता... खरंच होता! मला असा राग आला म्हणता! आणि तरी त्याच्या बोटांवरची नजर काही हटेना.

नाव देवीदास, राहणार दुर्गचा.

माझं नाव पंचफुला. बाबा, म्हणजे गुलाबराव, भिलाईच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलणारे. पोलाद कारखान्यावर आलेल्या एका रशियन इंजिनिअरच्या बायकोनं, गालिनाबाईनं, मला हे वेड लावलं. तिच्या देशात हा खेळ बर्फावर चालायचा, इथं चाकांवर. परत जाताना तिनं आपले स्केट्स माझ्याच पायांत बांधले. स्पर्धेत आधी एका पायावर आठ काढायचा, मग त्याच रेषेवरून पुन्हा आणि पुन्हा. रेष सुटली की गुण गेले.

बाबांनी अट घातली होती. "नागपुरात निवड झाली तं खेळ. नाही तं ते चाकं पेटीत, आन् तू तुमसरले, राइस मिलवाल्याच्या घरी सून म्हणून."

मला तुमसरला जायचं नव्हतं. मला कलकत्त्याला जायचं होतं, मोठ्या स्पर्धेला.

पण फरशीवर आता मातीचे बांध घालून पाणी साठवलेलं. मी रोज येऊन तणतणायची.

"फरशी तहानलेली असते, बाई," देवीदास हसायचा. "आत्ता सुकली तं फाटन. सबुरी धरा जराशी."

"माझ्याजवळ सबुरी नाही."

"दिसून राहिलं."

पाणी उतरलं, आणि पुढं रोज पहाटे माझ्या आधी तो हजर. खिळा, सुतळी आणि गेरू. माझ्यासाठी दोन नेमके गोल काढून ठेवायचा.

"आज गोल मोठे दिसून राहिले," मी एकदा म्हटलं. "कावून?"

"मोठा गोल असला तं..." तो गेरूकडे बघत म्हणाला, "तुमाले घरी जायले वेळ लागते."

त्या दिवशी मी तीनदा पडले. गुडघा फुटला, तरी हसूच येत होतं.

पण नागपूर जवळ आलं, आणि माझ्या लक्षात आलं — तिथं गेरूची रेष कोण काढून ठेवणार? कोरी जमीन, आणि मी. जिंकायचं तर उद्यापासून सराव रेषेविना.

"उद्यापासून गोल काढू नका," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. गेरू खिशात घालत तो एवढंच म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतरही नाही. मी कोऱ्या फरशीवर गोल घेत राहिले. वळताना प्रत्येक वेळी दाराकडे नजर जायची, आणि तिथंच रेष सुटायची. शेवटी स्वतःवरच चिडले. आधी नागपूर, मग त्याची खबर घेते, म्हटलं!

नागपुरात परीक्षक वाकून वाकून फरशीवरच्या भुकटीत उमटलेल्या माझ्या चाकांच्या खुणा बघत होते. मी दुसरी आले. कलकत्त्याला पहिल्या दोघी जाणार होत्या. बाबांनी संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"तुमसरवाल्यायले नाही म्हणून सांगतो," ते म्हणाले.

गाडीतून उतरले ती थेट हॉलात. कोपऱ्यात देवीदास घासायचा दगड घेऊन नुसताच बसला होता. समोर माझा तो पहिला आठ.

"निवड झाली," मी म्हटलं.

तो एकदम उठला. चेहरा फुलला... आणि पुन्हा पडला. "चांगलं झालं."

"इतके दिवस होता कुठं?"

"मले वाटलं, तुमाले मी नको झालो."

"गोल काढू नका म्हटलं होतं. येऊ नका, असं कधी म्हटलं मी?"

त्यानं हातातला दगड खाली ठेवला. मग चाचरत म्हणाला, "सायबाचा हुकूम हाय, हे खुणा घासून टाका. पण हात उठत नाही, पंचफुला... जीव जडला माझा तुमच्यावर."

मी पदर खोचला आणि दुसरा दगड उचलला.

"जीव जडला तं जडला. पण डावा चपटा हाय. असला आठ माझ्या नावावर राहायले नको. घासा! कलकत्त्याहून आले की नवा काढते, तुमच्यासमोर. आन् संध्याकाळी क्वार्टरवर या, बाबाले भेटायले."

"सुतळी घेऊन?"

"नुसते या हो!"

आम्ही दोघांनी मिळून घासायला घेतलं. काम तासाभराचं होतं. आम्ही दुपार केली.