नेटस्केप की एक्सप्लोरर

"कृपाताई, हे पत्र मी लिहिलंच न्हाई!"

यशोधरेचा आवाज चिरकला तशी कृपा अमोलिक आपला गल्ला सोडून धावली. साल १९९९. साऱ्या शेवगावात इंटरनेटची ही एकच खोली, आणि ती कृपाची. एका फोनवर दोन कॉम्प्युटर आणि त्यावर चाललेलं घर.

एक नंबरच्या स्क्रीनवर बंगळूरच्या संस्थेचं उत्तर होतं. 'जागा नको असल्याचं आपलं पत्र काल दुपारी मिळालं. आज पाचनंतर ती प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देऊ.' खाली ते पत्रही होतं, यशोधरेच्याच खात्यावरून गेलेलं. एमएस्सी झाल्यापासून ज्या संशोधनाच्या जागेसाठी पोरीने जिवाचं रान केलं, ती कुणीतरी चार ओळींत घालवली होती.

कृपाने लगेच इंटरनेट तोडून त्याच लाइनवर संस्थेला फोन लावला. तिथला माणूस नियमावर बोट ठेवणारा निघाला. कालचं पत्र याच खात्याचं, आज दुसरं पाठवलंत तरी तेही याच खात्याचं, मग खरं कुठलं मानायचं? कालचं ज्याने लिहिलं त्याची कबुली पाचच्या आत पाठवा, म्हणाला.

"पासवर्ड कुणाला सांगितलास?" कृपाने विचारलं.

"कुणालाच न्हाई. आईची शपथ."

तेवढ्यात दोन नंबरवरून आप्पासाहेब गुरुजी ओरडले. "अगं कृपा, हा पेपर बघ की! कोंबडी नाचून गेल्यागत दिसतंय."

"गुरुजी, तिथं नुसतं नेटस्केप आहे. मराठी पेपर एक नंबरवर, एक्सप्लोररमध्ये. थांबा जरा."

इंटरनेट उघडायला नेटस्केप भारी की एक्सप्लोरर, यावर या खोलीत रोज भांडणं व्हायची. नवी गिऱ्हाइकं आधी बाजू निवडायची, मग माउस धरायला शिकायची. आज मात्र कृपाला त्याचं हसू आलं नाही.

काल दुपारी इथे दोघंच होते आणि दोघांना तिनेच बसवलं होतं. एक नंबरवर यशोधरेची वर्गमैत्रीण अश्विनी. दोन नंबरवर प्रवीण, यशोधरेच्या आत्याचा मुलगा. गेल्याच महिन्यात यशोधरेचा आणि त्याचा साखरपुडा झाला होता. कृपाने निरोप धाडून दोघांनाही बोलावून घेतलं.

"अश्विनी, काल इथं काय करत होतीस?"

"माझी पत्रं बघत हुते."

"प्रतीक्षा यादीत पहिलं नाव तुझं ना?"

"माझंच हाय. म्हनून मी चोर झाले व्हय?" अश्विनीचा चेहरा लालबुंद झाला. यशोधरा तिच्याकडे अशी बघत होती की कृपाला मध्ये उभं राहावं लागलं.

"प्रवीणराव, तुम्ही?"

"मी पेपर वाचत हुतो. कांद्याचं भाव, जिल्ह्याच्या बातम्या."

"मराठी पेपर?"

"मंग काय इंग्रजी?"

"मधे एक नंबरवर गेला होतात?"

"न्हाई. एकदा बसलो की मी उठत न्हाई. आन त्या एक्सप्लोररला आपन हात लावत न्हाई. नेटस्केपच. लई पळतं."

कृपाला मनापासून वाईट वाटलं. या साखरपुड्याचे पेढे तिनेही खाल्ले होते.

"मलाही नेटस्केपच आवडतं," ती हळू म्हणाली. "पण त्या पेपरची मराठी अक्षरं फक्त एक्सप्लोररमध्ये उमटतात. दोन नंबर जुनाट, एक्सप्लोरर टाकायला त्यात जागाच नाही. गुरुजी, तुम्हाला काही वाचता आलं?"

"एक अक्षर न्हाई!"

"मग प्रवीणराव, कांद्याचे भाव कसे वाचलेत?"

"थोडं थोडं... अंदाजानं कळत हुतं."

"त्या गिचमिडीतून? मराठी पेपर तुम्ही कधी उघडलाच नव्हता, म्हणून ती तुम्हाला ठाऊक नव्हती. काल त्या खुर्चीत बसून तुम्ही वेगळंच काही करत होता." कृपा यशोधरेकडे वळली. "तू पासवर्ड कुणाला सांगितला नाहीस, कबूल. पण तुला तो कुणी सांगितला?"

यशोधरा प्रवीणकडे वळली. "यांनीच... खातं यांनीच उघडून दिलं हुतं."

सगळ्या गावाची हीच तऱ्हा होती. घरातला जाणता माणूस खातं उघडून द्यायचा, पासवर्डही तोच ठरवायचा, आणि तो बदलायचा असतो हे कुणाच्या डोक्यातही यायचं नाही.

प्रवीणने खुर्ची ओढून घेतली. "दोन वर्षं बंगळूरला! मंग ती शेवगावात कशाला येईल? बायको शास्त्रज्ञ आन नवरा खताच्या दुकानात, लोक तोंडावर हसतील. मी तिला गमावनार हुतो, ताई."

"म्हणून तिचं वाटोळं करायचं?" कृपाचा आवाज चढला. "तिच्या नावाने तिचंच नशीब पुसायचं?"

अश्विनी गप्प राहिली असती तर जागा तिलाच मिळाली असती. पण तिनेच कीबोर्ड प्रवीणपुढे सरकवला.

"लिवा. सोताच्या नावानं, सोताच्या खात्यावरनं. पाच वाजायला आले."

त्याने लिहिलं. मग यशोधरेने पासवर्ड बदलला आणि 'मी येत आहे' असं संस्थेला कळवलं. कृपाने इंटरनेट तोडून फोनची लाइन मोकळी केल्यावर थोड्याच वेळात फोन वाजला. जागा तिचीच राहिली होती. यशोधरेने अश्विनीला मिठी मारली आणि दोघी रडल्या.

प्रवीण दाराशी घुटमळला. "यशू, झालं गेलं इसरून जा. नवा पासवर्ड मलाबी सांगून ठेव. इसरलीस तर पंचाईत व्हायची."

यशोधरेने बोटातली अंगठी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.