ओढणीचा हिरवा

चहाच्या गाड्यावर उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसापुढं संयोगितानं सरळ टॅब धरला.

"पावणं, हा नकाशा बघून काय कळतंय, सांगा की."

जिल्ह्यातल्या तापाचा नकाशा होता तो. आरोग्य अधिकाऱ्यांना एका नजरेत कळावा म्हणून तिनं त्याच्यापायी डोकं फोडून घेतलं होतं, आणि आता दिसेल त्याला दाखवायची खोडच लागली होती तिला. नेमका हा पावणा निघाला शिरोळचा आरोग्य पर्यवेक्षक, विश्वजित.

"लाल तिथं ताप लई. पिवळं तिथं वाढायलाय," तो चहा फुंकत म्हणाला. "झ्याक केलंय."

"आणि ज्या गावाचा आकडाच आला नाही... त्याला कुठला रंग देऊ?"

त्यानं नकाशा पाहिला, मग तिला — जरा जास्तच वेळ.

"हिरवा द्या. तुमच्या ओढणीचा."

"मग तिथं ताप नाही, असं वाटंल की."

"वाटू दे. आमच्याकडं ताप आला तर गाव गप बसतंय व्हय? बोंबलून तालुका डोक्यावर घेतंय."

ती हसली. पटलं नव्हतं तिला. पण त्या ओढणीकडं आजवर कुणी असं पाहिलं नव्हतं... तिनं हिरवा दिला.

मग तो सुधारणा सांगायला येत राहिला. "अक्षरं बारीक हायत," म्हणायचा, आणि अक्षरांकडं बघायचाच नाही.

"पावसाळा सरला की आईला आणतो तुमच्या घरी," एकदा म्हणाला.

"कशाला?"

"चहाला. आणि... जमलं तर तुम्हाला मागायला."

ऑगस्टात कृष्णा चढली. नदीकाठची गावं तुटली, फोन बंद पडले. विश्वजित तालुक्याला नकाशाच्या पडद्यासमोर बसून लाल गावांकडं बोटी आणि औषधं धाडत होता. आकडा न आलेलं त्याचं स्वतःचं गाव हिरवं दिसत होतं, म्हणून तो निर्धास्त होता. तिथं त्याची आई तापानं फणफणत होती. बोट पोचली तेव्हा ती गेली होती.

पूर ओसरल्यावर तो तिच्या घरी आला, एकटाच.

"मला कळत होतं," संयोगिता म्हणाली. "तरी दिला मी तो रंग."

"मागितला कुणी? मीच की."

"विश्वजित, मला तुम्ही हवे आहात." इतकं उघड ती कधीच बोलली नव्हती.

"मलाबी तुम्हीच पायजे. पर तुमच्याकडं बघितलं की तो पडदा दिसतोय... आणि त्यात माझं गाव कसं झ्याक दिसतंय."

समोरचा चहा तसाच ठेवून तो गेला. पुढं बदली मागून लांब कुठंतरी निघून गेला.

संयोगितानं आकडा न आलेल्या गावांना करडा रंग दिला. वर ठळक लिहिलं — 'माहिती आलेली नाही, चौकशी करा'. हिरवा आता फक्त ताप नसलेल्या गावांना मिळतो.

दिवाळीच्या आधी एका बैठकीत पडद्यावर नकाशा उघडला. विश्वजितचं गाव हिरवं होतं, खरोखरीचं हिरवं. साहेबांनी तिच्या कामाचं कौतुक केलं. ती "थँक्यू सर" म्हणाली आणि जिन्यात जाऊन, भिंतीला टेकून, पोटभर रडली.