गळ्याची आण

अंगणातल्या लिंबाखाली रेवणसिद्ध पुन्हा उभा राहिला आणि शिवकांताच्या हातातलं जातं थांबलं. चार वर्षांचं ते लेकरू एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतं, मुठीत स्वतःला ओढून धरत होतं, दातओठ आवळत होतं... आणि एवढ्या यातनांनंतर मातीवर पडले ते चारच थेंब, लालसर.

तिनं धावत जाऊन त्याला पोटाशी घेतलं. तिची सासू, शांताक्का, त्याच वेळी दुधाची चरवी फडक्यानं झाकून रामलिंगाच्या देवळाकडे निघाल्या होत्या. चरवी शेजारून गेली तसं पोरानं रडता रडता हात जोडले. दूध दिसलं की हात जोडायचे, दुधाविषयी त्याला एवढंच ठाऊक होतं.

वांझपणाची बोलणी बारा वर्षं सोसून शिवकांतानं आपल्या पाठच्या बहिणीला, चन्नम्माला, स्वतःची सवत करून आणलं होतं. त्या वेळी शांताक्कांनी नवस बोलला : नातू झाला तर पाच वर्षं घरच्या म्हशीचं सगळं दूध रामलिंगाचं, सकाळची धार अभिषेकाला, संध्याकाळच्या दुधाचं तूप नंदादीपाला. नातू झाला आणि बाराव्या दिवशी चन्नम्मा गेली. शेजारणीनं दोन-तीन महिने अंगावर पाजलं. पुढं, ज्या लेकरासाठी नवस केला होता त्याच लेकराला शिवकांता ज्वारीच्या पिठाची पातळ पेज भरवत राहिली. सकाळी पेज, दुपारी पेज, दात आल्यावर भाकरीचा काला.

तो दोन वर्षांचा असताना एकदाच तिनं वाटीभर दूध चोरून त्याच्या ओठांना लावलं होतं. शांताक्कांनी ते पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी सुनेचा हात धरला आणि पोराच्या गळ्यावर ठेवला.

"म्हण. याच्या गळ्याची आण, देवाचं दूध पुन्हा माझ्या हातून याच्या पोटात जाणार न्हाय."

ती म्हणाली होती.

आता शांताक्का आडावर बायकांना सांगत की त्या चोरट्या घोटाचाच पोराच्या पोटात मुतखडा झाला, देव कोपला. शिवकांताला ते खोटं म्हणता येत नव्हतं. तिचा पाय घरात ठरत नसे, भाकरी तव्यावर करपे, रात्री तिचा हात झोपेतही त्याच्या ओटीपोटावर फिरत राही. माझ्या मायेनंच का याला खडा दिला?... हा एकच प्रश्न उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत तिच्या मागं मागं हिंडे.

दसऱ्यानंतर लघवी पार अडत चालली. मिरजेच्या दवाखान्यात पोट उघडून खडा काढतात, असं स्टेशनवरच्या बाबूनं महांतप्पांना, तिच्या नवऱ्याला, सांगितलं होतं. महांतप्पा आईच्या तोंडाकडं बघत उभे राहिले. वंशाला एकुलता दिवा, त्याला कापायला नेणार नाही, असं शांताक्कांनी निक्षून सांगितलं.

शिवकांता त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या पापानं खडा झाला म्हणता न्हवं, आत्याबाई? मग ते पाप घरात ठेवूच नका. म्या तेरला भावाकडं जाते, पुन्हा या उंबऱ्यात पाऊल टाकणार न्हाय. पर ह्याला आजच्या गाडीनं न्या."

शांताक्का आत वळल्या. मग त्यांनी नातवाची कुंची शोधायला घेतली.

शांताक्कांना आणि पोराला घेऊन येडशी स्टेशनातून छोटी आगगाडी धूर सोडत बार्शीच्या दिशेनं निघाली तेव्हा शिवकांता तेरच्या गाडीवाटेला लागलेली होती. "अव्वा..." अशी आईला मारलेली हाक तिला ऐकू आली, की भास झाला, ते तिला कधीच कळलं नाही. तिनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय उलटे फिरले असते.

तेरला भाऊ शांतलिंग मायेनं वागे, पण तिला बसवेना. झाडलेलं अंगण ती पुन्हा झाडी. "वन्सं, भुई झिजंल आता," असं भावजय म्हणे आणि हळूच खराटा काढून घेई. मग ती तेरणा नदीच्या काठी जाई, बैलगाडीच्या चाकांचा आवाज आला की धापा टाकत परते. गाडी कुणा दुसऱ्याचीच असे. पंधरा दिवस गेले, वीस गेले. निरोप नाही... चांगलाही नाही, वाईटही नाही.

बाविसाव्या दिवशी दुपारी गाडी थेट दारात थांबली. आधी शांताक्का उतरल्या, अर्ध्या झालेल्या. त्यांच्यामागून आपल्या पायांनी रेवणसिद्ध उतरला आणि धावत येऊन तिच्या गुडघ्यांना बिलगला. शिवकांताचा हात आधी हलकेच त्याच्या ओटीपोटावर गेला.

शांताक्कांनी पदराची गाठ सोडून सुपारीएवढा खडबडीत खडा ओट्यावर ठेवला.

"तिथं अशीच सात लेकरं होती, शिवकांते. समदी भाकरी-पेजेवर वाढलेली. त्यांच्यावर कुठला देव कोपला व्हता? डाक्टर म्हनला, ह्याला दूध का न्हाय पाजलं? म्या म्हनलं, घरात म्हस हाय, पर दूध देवाचं." त्यांनी खड्यावर बोट ठेवलं. "तुझा घोट न्हवता गं तो. माझा नवस व्हता."

दूध आणि भरपूर पाणी मिळालं नाही तर खडा पुन्हा होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पोर दुधापुढं नुसते हात जोडी. अव्वा देईल तरच पिईन म्हणे. शांताक्कांनी गाडीतून चरवी काढली. रामलिंगाला जाऊन सांगून आल्या होत्या त्या : नवसाचे उरलेले नऊ महिने आता त्या स्वतः पेजेवर काढणार होत्या.

"पाज त्याला."

शिवकांताचा हात पुढं झाला आणि तसाच मागं आला.

"माझ्या हातून कसं पाजू, आत्याबाई? याच्या गळ्याची आण हाय. तुमी घातली, तुमीच सुटली म्हना."

दिलेला शब्द शांताक्कांनी जन्मात कधी मागं घेतला नव्हता. त्यांनी हात नातवाच्या गळ्यावर ठेवला.  

"सुटली... सुटली, बाई. घरी चल."

शिवकांतानं वाटी भरली. दूध पाहताच रेवणसिद्धनं सवयीनं हात जोडले, डोळे मिटले. तिनं ते दोन इवले तळवे हलक्या हातानं एकमेकांपासून सोडवले आणि त्यांच्या मधोमध वाटी ठेवली.