विनीतला सांगितलेलं घर

उमरठच्या वरच्या वाडीची वाट ओम दुपारीच चढू लागला. चार वर्षं मुंबईच्या तुरुंगात कच्चा कैदी म्हणून काढून पोरगा निर्दोष सुटला होता. पण सवय कुठली सुटायला? पोलादपूरला एसटीचं दार सताड उघडं, आणि हा आपला कुणीतरी ‘चल’ म्हणायची वाट बघत उभा. कंडक्टरनं चांगलाच झापला.

त्याला हसू आलं, आणि विनीत आठवला. विनीत त्याच्याच बराकीतला, अनाथाश्रमात वाढलेला. बाहेर त्याचं कुणी म्हणजे कुणीच नव्हतं. संध्याकाळी बराक बंद झाली की म्हणायचा, तुझं गाव सांग. ओम सांगायचा. उंबऱ्याचा हलणारा दगड, भाकरी थापताना आई काय गुणगुणते, आंब्यावरून पडून कपाळावर वण कसा उठला, सगळं. विनीत डोळे मिटून ऐकायचा. त्याच्यापुरतं बाहेरचं जग म्हणजे ओमचं अंगण.

मागच्या महिन्यात तापानं फणफणलेल्या विनीतला इस्पितळात न्यायला आले, तेव्हा त्यानं ओमचं मनगट घट्ट धरलं.

“तुझ्या घरी जाऊ मी?”

“जा की रे. तुजंच हाय ते.”

मरणाऱ्याला नाही कोण म्हणेल? दोन दिवसांनी तो गेल्याचं कळलं.

आईच्या कुशीत शिरायचं, एवढ्याच आशेवर ओमनं चार वर्षं काढली होती. त्याची आई ठकूबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. अंगणात चिटपाखरू नव्हतं. इस्पितळातल्या फिनेलचा वास मात्र येत होता.

“आये...”

तिनं मान वर केली. नजर चांगली धड होती तिची.

“बस, पोरा. तू विनीत ना? आमचा ओम म्हनलाच, तू येशील म्हनून.”

ओम पुढे सरसावला. मीच ओम, नीट बघ, असं तो रडकुंडीला येऊन सांगत राहिला. तिला त्याची कीव आली. ओमला येऊन महिना झाला, म्हणाली, आणि पाहुण्यापुढे ठेवावा तसा पाण्याचा तांब्या तिनं पुढे ठेवला. वण दाखवायला ओमनं कपाळाला हात लावला. कपाळ गुळगुळीत होतं.

घरात चुलीपाशी कुणीतरी उठलं.

“आये,” आतून ओमचाच आवाज आला, हळू, मायेचा. “त्याला पोटभर वाढ गो... पाचला त्याची बराक बंद व्हते.”

ओमला पळायचं होतं. पण पाय आपसूक दुमडले आणि तो उकिडवा बसला. त्या रिकाम्या अंगणात, त्याच्या पाठीमागे, कुणीतरी कैद्यांची गिनती सुरू केली.