मधुच्या मॅचला आलेली

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच घरात घडलेली आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण वाचून झाल्यावर मला "तुला भास झाला असेल" म्हणू नका. ते मी स्वतःला खूपदा सांगून बघितलंय.

रविवार, १२ ऑक्टोबर २००८. मस्कत. दार्सैतला कृष्णमंदिराच्या मागच्या गल्लीत आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. रात्रीचे आठ वाजले होते.

आधी घरचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

किशोरीताई माझी सख्खी मोठी बहीण. लहानपणी मला तिचे फ्रॉक मिळाले, तिची पुस्तकं मिळाली, तिने टाकलेली सायकल मिळाली. १९९६ साली ती इथे मस्कतमध्येच तापाने गेली. दोन वर्षांनी घरच्यांनी तिचा संसारही मलाच दिला. मधुला सांभाळायला घरचंच माणूस हवं, म्हणाले. ज्या सलीलना मी भावोजी म्हणायचे, त्यांना अहो म्हणायला लागले.

मधु, म्हणजे ताईची मधुवंती, तेव्हा नऊ वर्षांची होती.

मी तिचे डबे केले. आजारपणं काढली. ती शाळेत हॉकी खेळायला लागली तेव्हा भर उन्हात मैदानाबाहेर बसून राहिले. दहा वर्षं! पोरीने कधी उलट उत्तर दिलं नाही.

पण हाक मारायची ती "मावशी".

मावशी तर मी होतेच. तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

मला एकदाच, फक्त एकदाच, तिच्या तोंडून "आई" ऐकायचं होतं.

हॉकीच्याच जोरावर ती अमेरिकेला गेली, पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात. मैदानावरची हॉकी, बर्फावरची नव्हे. दुसऱ्या वर्षी कॉलेजने मॅचेस इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. तिकडे रविवारची दुपार, आमच्याकडे रात्रीचे आठ. इथे रविवार कामाचा, सलील गाला भागातल्या ऑफिसातून धावतपळत यायचे.

"यल्ला, लाव लवकर!" बूट काढता काढताच सुरू व्हायचे.

कॅमेरा एकच. चित्र अडकत अडकत यायचं. चौदा नंबरचा लाल शर्ट म्हणजे मधु.

त्या रविवारी मॅच संपली. मुली कुंपणापाशी आपापल्या आईवडिलांकडे पळाल्या.

मधुही गेली. पण अगदी टोकाला, बंद फाटकापाशी.

तिथे कुणीच नव्हतं.

तिने कुंपणावरून मान पुढे वाकवली आणि तशीच उभी राहिली. आणि मग स्पीकरमधून...

कड्. कड्-कड्-कड्.

मी मोजलं नाही, पण ती दहा बोटं होती.

लेकराची अलाबला घेऊन आया कानशिलावर बोटं मोडतात ना, तो आवाज. ताईची दहाच्या दहा वाजायची, शेजारच्या खोलीत ऐकू यायची. किती कौतुक व्हायचं तिचं! मधु अमेरिकेला निघाली तेव्हा विमानतळावर मीही हात पुढे केले होते. ती मागे सरकली. "राहू दे ना, मावशी. सगळे बघतायत."

आणि इथे शहाण्यासारखी मान वाकवून उभी.

खरं सांगते, भीतीच्या आधी मला राग आला.

"ती कुंपणाशी काय करतेय?" मी विचारलं.

"कोण? मधु?" सलील म्हणाले. "ती केव्हाच आत गेली."

मी परत बघितलं. कुंपण रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी मधुचा फोन आला, तेव्हा सहज विचारावं तसं विचारलं.

"आय डिडन्ट गो देअर, मावशी. गुडघा दुखत होता, मी डायरेक्ट आत गेले. का?"

"काही नाही ग."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तेच टोक. तीच वाकलेली मान. तोच आवाज. सलीलना काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. ते फक्त म्हणाले, "किशोरीला किती आवडलं असतं ना हे!"

तिथेच, त्यांच्या शेजारी, मी बसलेली होते. मैदानाबाहेर उन्हात बसलेली मी.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली.

सव्वीस तारखेला सलील कामासाठी बरका गावी गेले होते. मी एकटीच होते. मॅच संपली, मधु टोकाकडे निघाली, आणि माझा तोल गेला.

"बास, ताई!" मी पडद्यावर ओरडले. "मेलीस ना तू? आयुष्यभर तुझं उरलंसुरलं घेतलं मी. पोर तरी पुरती माझी होऊ दे. जा इथून. खलास!"

चित्र थांबलं.

आवाजही थांबला... टाळ्या, शिट्ट्या, सगळंच.

पुन्हा सुरू झालं तेव्हा मधु मैत्रिणींबरोबर आत जात होती. कुंपणाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

त्या रात्री मी पोटभर जेवले. हे सांगायला लाज वाटते, पण जेवले.

दोन नोव्हेंबर. अमेरिकेची घड्याळं बदलली होती, म्हणून मॅच नऊला होती. सलील पुन्हा बरक्याला.

समोरच्या टीमला पेनल्टी कॉर्नर मिळाला. अशा वेळी गोलातून सगळ्यांच्या आधी धावत सुटायचं काम मधुचं. ती धावली. समोरच्या मुलीने बॉल मारला.

बॉल उसळला आणि मधुच्या कानशिलावर बसला.

ती कोसळली. उठली नाही. आणि तिथेच चित्र अडकलं.

गवतावर आडवा लाल शर्ट, नंबर चौदा. त्यावर गोल गोल फिरणारं ते चक्र.

मी कॉलेजचा नंबर लावला. कुणी उचलेना. मधुचा मोबाईल नुसताच वाजत होता. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

मी गुडघ्यांवर बसले आणि पडद्याला हात जोडले.

"ताई, ये ग. चुकले मी. तुझीच आहे ती. मला काही नको. फक्त जा तिच्याजवळ."

चित्र एकदाच हललं. मुली मधुभोवती गोल करून उभ्या होत्या. कुंपणाच्या टोकाचं बंद फाटक आता... उघडं होतं.

मग सगळंच बंद पडलं.

अकराच्या पुढे फोन वाजला. मधुच होती. आवाज जड येत होता.

"आई..."

मी रिसीव्हर कानाला घट्ट धरला.

"आई, तू कुठे गेलीस? आत्ता तर इथे होतीस. माझा हात धरून."

मी सांगायला हवं होतं, मी मावशी बोलतेय. ही हाक माझी नव्हती, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण दहा वर्षं वाट पाहिली होती मी.

"इथेच आहे, बाळा," मी म्हणाले.

सहा टाके पडले. मधु बरी झाली. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचली.

तेव्हापासून ती मला आईच म्हणते. मावशी हा शब्द तिने पुन्हा उच्चारला नाही. सलील खूश आहेत. म्हणतात, "बघ, शेवटी मिळालं ना तुला?"

पण ती मधूनच काहीतरी बोलते. "आई, मी मत्राच्या बाजारात हरवले होते, तेव्हा तू कसली रडली होतीस! आठवतं?" तेव्हा ती पाच वर्षांची होती, इथे मस्कतमध्ये ताईजवळ, आणि मी पुण्यात होते. मी "आठवतं तर" म्हणते.

या मे महिन्यात तिचा फोन आला. मी रिसीव्हर कानाला लावला.

"आई?"

मी ओ द्यायला तोंड उघडलं... आणि फोनमधून ओ आली.

माझ्या आधी.

मधु बोलत राहिली. परीक्षेचं, खोलीतल्या मैत्रिणीचं, काय काय. मध्ये मध्ये थांबत होती, हसत होती, उत्तरं मिळाल्यासारखी. मी एक शब्द बोलले नाही. शेवटी तिने "बाय आई" म्हणून फोन ठेवला.

हल्ली फोन वाजला की रिसीव्हर उचलायच्या आधीच मी ओ म्हणते.