गोपालच्या जीपचा क्राउन

तुमी पोरं म्हणता, सहदेवमामा, खरं असन तं ज्याच्यासंग झालं त्याचं नाव सांगा. सांगतो. गुलाम नबी. परतवाड्यात माह्या घरामागंच त्याचं गॅरेज होतं. जीपच्या मागच्या एक्सलमंधी गोल डबा असते, डिफरन्शियल म्हणतात त्याले. त्याच्यात दोन गिअर. मोठा तो क्राउन, लहान तो पिनियन. हे दोन एकमेकाले बसवावं तं नबीनंच, असं सारे ड्रायव्हर म्हणत.

नऊ जानेवारी दोन हजार चोवीस. मंगळवार. सांजच्याले सात वाजता अमोल नावाचा ड्रायव्हर जीप घेऊन आला.

"चाचा, मागून हू हू आवाज येऊन राहिला. सकाळी सहाले सेमाडोहले पार्टी सोडाची हाये."

नबीनं जीप पाह्यली अन् नंबर परत वाचला. रंग नवा होता, नंबर जुनाच. अमोलनं ती अकोल्यातून घेतली होती, त्याले काही माहीत नव्हतं. ती गोपाल ड्रायव्हरची जीप. दोन वर्सांआधी सेमाडोहच्या घाटात तिचे मागचे चाकं एकाएकी जाम झाले. जीप खाली गेली. गोपालही गेला. लोक म्हणे, दारू पेला असन. त्याची बायको चतुराबाई शेजारच्याच कांडलीत एकटी राहे. तिच्या तोंडावर बोलले लोक.

खरं फक्त नबीले माहीत होतं. अपघाताच्या चार दिवस आधी ते गिअर त्यानंच बसवले होते. घाई होती. दाताले दात कुठं लागते, ते पाहाचं त्यानं सोडून देल्लं. मंग चेपलेली जीप त्याच्याच गॅरेजमंधी ओढून आणली. डबा खोलला तं आतून तुटलेले दात निंगाले. ते त्यानं कोनाले दाखवले नाही.

त्या रात्री अमोल बाहेर बाजेवर झोपला. नबीनं जीप ठोकळ्यायवर घेतली, मागचे चाकं काढून भिंतीले टेकवले, डबा खोलला. काम असं असते, तेलात शेंदूर कालवून क्राउनच्या दातायले लावाचा अन् पिनियन फिरवाचा. जिथं दात लागते तिथला शेंदूर पुसला जाते. तो डाग दाताच्या मधोमध पाह्यजे. काठावर आला, तं कधी ना कधी दात तुटते.

डाग काठावर आला.

नबीनं पिनियनमागची पातळ चकती बदलली. परत फिरवलं. डाग जरासा सरकला, पन काठाजवळच. साडेबारा झाले होते. पाठ धरली होती. मनात म्हणे, चालते. आवाज तं कमी होईन.

त्यानं झाकण उचललं.

टक.

जीपच्या खालून. पाना पडला असन म्हणून त्यानं वाकून पाह्यलं. काही नव्हतं. झाकण लावाले गेला तं परत, टक. अन् क्राउन फिरला. हळू. एक दात... दुसरा... तिसरा.

"अमोल, फिरवू नको रे."

बाहेरून अमोलचं घोरनं ऐकू येत होतं.

क्राउन थांबला. शेंदूर लावलेले दात बरोबर नबीच्या समोर. डाग तिथंच. काठावर.

पळावं वाटलं. पन वाकून त्यानं तो डाग परत पाह्यला. मंग तो हळूच म्हणे, "गोपाल..."

त्यानं झाकण खाली ठेवलं.

"बरं. खोलतो."

खोललं. चकती बदलली. शेंदूर लावला. पिनियन फिरवाले आता त्याले हात लावा लागला नाही. तो नुसता पाहे. डाग जरा हलला... टक. परत खोललं. टक. परत. बोटं सोलली. अडीच झाले. साडेतीन. गॅरेजमंधी तो एकटाच होता. श्वास मात्र... एकट्या नबीचा नव्हता.

चारले डाग मधोमध आला. नबी बसून राह्यला. टक झालं नाही.

उजाडता उजाडता तो माह्या दारात. सारं सांगितलं. मंग म्हणे, "सहदेव, माह्यासंग कांडलीले चाल. एकट्यानं होत नाही." निंगताना मी गॅरेजमंधी डोकावलो. जीप ठोकळ्यायवरच होती, चाकं भिंतीले. अमोल झोपेतच.

पायीच गेलो. चतुराबाई दारात उभी होती. नबी खालमानेनं बोलला, "भाबी, गोपाल पेला नव्हता. काम माह्या हातानं चुकलं. मी लपवलं."



"तो पेत नव्हता, हे मले माहीत होतं," ती म्हणे. "तुमाले सांगाले दोन वर्सं काहून लागले, नबीभाई?"

नबी रडून राह्यला होता. बाईनं त्याले बस म्हटलं नाही, जा बी म्हटलं नाही. मंग माह्याकडं पाहून म्हणे, "अन् चार वाजता जीप घेऊन आले, तं तवाच काहून नाही बोलले?"

"आमी आत्ताच आलो वहिनी," मी म्हटलं. "पायी."

तिनं अंगणाकडं बोट केलं. आदल्या सांजेले सारवलेलं, थंडीनं अजून ओलंच होतं. त्याच्यात जीपच्या टायरायच्या खुणा. रस्त्यावरून दारापर्यंत आलेल्या.

परत गेलेल्या नव्हत्या.