काळ्या दोऱ्याचं झबलं

“यावर कुणाचा विश्वास बसत नाही. तुमचाही बसणार नाही, आधीच सांगून ठेवतो,” सिदूतात्या म्हणाले. “पण यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं, तर ही उजवीकडची मिशी उतरवून देईन.”

“आणि डावी?” तेजलने विचारलं.

“ती हौसाच्या मालकीची. तिला विचारावं लागेल.”

तेजल हसली आणि पोटावर हात ठेवून स्टुलावर टेकली. आठवा महिना सरत आला होता. मिरजेतल्या एका प्रसूतिगृहासमोर, रस्ता ओलांडला की तात्यांचं आणि त्यांच्या बायकोचं, हौसाक्काचं, हे दुकान होतं. बाळांना लहान झालेली झबली, टोपडी, दुपटी घरोघरून गोळा होऊन इथे विकायला येत. हौसाक्का जेवायला घरी गेली होती. तेजलच्या पिशवीत सासूबाईंनी दिलेली पसाभर ज्वारी होती. बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लागू द्यायचं नाही. धडधाकट मुलाच्या अंगावरून उतरलेलं घालायचं, आणि ते पैशाने नव्हे, धान्य देऊन आणायचं. त्यांच्या घरची ही रीतच होती. निघताना सासूबाईंनी आणखी एक बजावलं होतं: “पुसलेलं आणू नकोस गं. पुसलं की त्यातलं सगळं जातं.”

तात्यांनी लाल दोरा बांधलेलं एक झबलं काढून तिच्यासमोर ठेवलं होतं. तिने एवढंच विचारलं होतं, “न पुसलेलं घातलं तर चालतं ना, तात्या? काही होत नाही ना?”

हो किंवा नाही म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण तात्यांनी गोष्ट सुरू केली.

दिवस पुरे भरायच्या आधी जन्मलेली बाळं झोपेत श्वास घ्यायचं विसरतात. त्यांच्यासाठी श्वाससूत निघालं. सुती कापडात केसाहून बारीक तार विणलेली असते, ती अंगाच्या उबेवरच चालते. छातीची हालचाल ओळखते, श्वास थांबला की बाळाला हळूच गुदगुली करते, मग बाळ दचकून श्वास घेतं. पुढे हे सूत स्वस्त झालं आणि साध्या झबल्यांतही आलं. त्यात एक गोष्ट मात्र कारखानदारांच्याही उशिरा लक्षात आली. महिनोन् महिने एकाच छातीवर राहून कापड त्या बाळाच्या श्वासाची चाल शिकतं. दुसऱ्या बाळाला घातलं की तीच चाल मंद थरथरीतून त्याला देत राहतं, आणि नवं अंग तीन-साडेतीन तासांत ती उचलतं. म्हणून नियम झाला: जुनं झबलं खडेमिठाच्या पाण्यात सहा तास उकळायचं, म्हणजे ते कोरं होतं. यालाच पुसणं म्हणायचे.

“पण सासवा ऐकतात होय?” तात्या म्हणाले. “धडधाकट पोराचे गुण कापडातून येतात असं त्या पहिल्यापासून म्हणतच होत्या. आता ते खरंच व्हायला लागलं. मग पुसलेलं कोण घेणार?”

हौसाक्काने यावर आपली पद्धत काढली होती. पुसलेल्या झबल्याला पांढरा दोरा. निरोगी मुलाच्या न पुसलेल्याला लाल. आणि श्वास थांबत असलेल्या बाळाचं, जे पुसल्याशिवाय कुणालाही द्यायचं नाही, त्याला काळा.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी एक बाई झबल्याची घडी देऊन गेली. सातव्या महिन्यात झालेल्या बाळाने ते चार महिने वापरलं होतं. देताना ती दुसरीकडे बघत होती. हौसाक्काने पुढचं काही विचारलं नाही. तिने फक्त काळा दोरा बांधला आणि झबलं फळीच्या टोकाला वेगळं ठेवलं. डब्यातलं खडेमीठ संपलं होतं, ते आणायला ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेली.

“दुकान उघडं टाकून?” तेजलने विचारलं.

“झबली कोण चोरतंय? दुकानात चिटपाखरू नव्हतं.”

“आणि तुम्ही?”

“मी कागलला, भाच्याच्या लग्नात. तिसऱ्या पंगतीला बसलो आणि सदतीस जिलब्या खाल्ल्या. आचाऱ्याने शेवटी कढई उपडी करून दाखवली.”

हौसाक्का मीठ घेऊन परतली तेव्हा फळीचं टोक रिकामं होतं. झबलं नव्हतं. त्याच्या जागी ज्वारीची छोटी रास होती.

कुणीतरी रीतीप्रमाणे धान्य ठेवून झबलं नेलं होतं. काळा दोरा बघून ते थांबलं नव्हतं, उलट तो बघूनच त्याने तेच उचललं असणार. तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून घराघरात काळा दोरा बांधतात. हौसाक्काने इतक्या वर्षांत हा विचारच केला नव्हता. तिने मिठाची पुडी फळीवर टाकली.

ती धावत समोर प्रसूतिगृहात गेली. “सकाळपासून तीन बाळं घरी गेली, मावशी,” परिचारिका म्हणाली. “कुणाची ते सांगता येणार नाही. नियम आहे.” हौसाक्का हात जोडत राहिली, मोठ्या डॉक्टरांच्या दारापर्यंत गेली. ते शस्त्रक्रियेत होते. यात अडीच तास गेले. बाराला दहा कमी असताना ती दुकानात परत आली आणि त्या ज्वारीकडे बघत उभी राहिली.

“आता ऐका,” तात्या पुढे सरकले. “तिने त्यातले चार दाणे तोंडात टाकले, डोळे मिटून चावले आणि म्हणाली, ही बेडगची ज्वारी. ओढ्याकाठच्या काळ्या रानातली, पेरा आठ दिवस उशिरा झालेला.”

तेजलने भुवई उंचावली.

“दाताने गाव ओळखायची हौसा. आता दातच राहिले नाहीत, नाहीतर करून दाखवायला लावलं असतं.”

दस्तगीरची रिक्षा कोपऱ्यावर उभी होती. हौसाक्काने फळीवरून लाल दोऱ्याचं एक झबलं ओढलं. ते तिच्या स्वतःच्या नातवाचं होतं. तो रडायला लागला की पलीकडच्या गल्लीतून माणसं बघायला यायची. ती रिक्षात बसली. रेल्वेच्या फाटकाशी मालगाडीने पंधरा मिनिटं खाल्ली. हौसाक्का डबे मोजत होती, दस्तगीर तिच्याकडे बघत नव्हता. “झबलं घालून किती वेळ झाला असेल, आक्का?” त्याने एकदाच विचारलं. “तीन तास होत आले,” ती म्हणाली.

बेडगमध्ये दारावर बाळंतिणीची खूण म्हणून कडुलिंबाचा ताजा डहाळा लावलेलं घर शोधायला वेळ लागला नाही. ओव्याच्या धुरीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. ओसरीवर बाळाची आजी सुगंधाबाई शेजारणींना चहा देत होती.

“या की,” ती म्हणाली. “नातू झालाय बघा. आणि काय शहाणा. घरी आल्यापासून रडला म्हणून नाही.”

हौसाक्का चपला न काढता आत गेली. बाळंतीण पोरगी भिंतीला टेकून डुलक्या घेत होती. बाळ दुपट्यात निजलं होतं. हौसाक्का खाली वाकली. छाती वर आली, खाली गेली. मग काहीच नाही. हौसाक्काने मनात अंक म्हणायला सुरुवात केली. अकराव्या अंकाला कापड किंचित थरथरलं आणि छाती पुन्हा वर आली. ओठांच्या कडा निळसर झाल्या होत्या.

“कोण तुम्ही?” पोरगी जागी झाली. “माझ्या बाळाला हात लावू नका.”

“झबल्याची बाई मी. नाव काय तुझं?”

“सुलक्षणा.”

“सुलक्षणा, हे झबलं काढायचंय. पण एकदम काढता येणार नाही. तुझं बाळ आता त्याच्या सांगण्यावरून श्वास घेतंय. काढलं तर ते कुणाचं ऐकणार?”

पोरीने हात मागे घेतला. हौसाक्काने लाल दोऱ्याचं झबलं आधी आपल्या पोटाशी धरून ऊब दिली आणि मग बाळाच्या अंगावर, त्या झबल्याच्या वरून घातलं. दोन कापडं एकमेकांशी भांडू लागली. बाळाचा श्वास अडखळला, दोनदा भरभर आला, मग थांबला. सुगंधाबाई दारात येऊन उभी राहिली, हातात कपबशी तशीच. हौसाक्काचे अंक सुरू झाले. नऊ. दहा. अकरा. आतल्या कापडाची थरथर बोटांना लागली आणि तिने हात आत घालून त्याच्या पाठीवरची नाडी सोडली. एक बाही काढली. बारा. तेरा. दुसरी बाही अडकली. तिने ती दाताने फाडली. काळ्या दोऱ्याचं झबलं तिच्या हातात आलं, बाळाच्या अंगावर फक्त लाल दोऱ्याचं झबलं राहिलं. सोळा. सतरा.

तात्या थांबले. ते घोटभर पाणी प्यायले.

“तात्या,” तेजल म्हणाली. तिचे दोन्ही हात पोटावर होते.

“रडलं,” तात्या म्हणाले. “असं रडलं की बाहेर दस्तगीरने हॉर्नवर हात ठेवला. चहाला आलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. तेच पोरगं यंदा पहिलीत गेलंय. वर्गात त्याला गप्प करायला दोन बाई लागतात.”

“आणि त्या आजी?”

“सुगंधाबाई? ती खालीच बसली. म्हणाली, आम्ही विचारलं होतं हो, काळा दोरा कशाचा म्हणून. दृष्टीचाच आहे म्हणाले, बेडगपर्यंत बिनघोर न्या म्हणाले.” तात्यांचा आवाज जरा उतरला. मग ते घाईने म्हणाले, “तर तेव्हापासून हौसाने काळा दोरा बंदच केला. तसली झबली आता ती कुलपात ठेवते. त्यामुळे तुम्ही काही काळजी करू नका. हे घेऊन जा, लाल दोऱ्याचं आहे.”

तेजल उठली नाही.

“कोण म्हणालं?”

“अं?”

“बिनघोर न्या, असं कोण म्हणालं? दुकानात चिटपाखरू नव्हतं ना?”

तात्या मिशीवर बोट फिरवत राहिले. “मी तर त्या दिवशी कागलला…”

“सदतीस जिलब्या,” तेजल म्हणाली. तिने पिशवीतली ज्वारी ओंजळीत घेतली, बघितली आणि परत ठेवली. “ज्वारी चावून गाव कळत नाही, तात्या. त्यांनी दोऱ्याचं विचारलं, तुम्ही ठोकून दिलंत. आणि कुठून आलात, म्हणून गप्पाही मारल्यात. आक्का दवाखान्यातून परतल्यावर ते कबूल केलंत. म्हणून बेडग.”

रस्त्यापलीकडे प्रसूतिगृहाच्या दारातून एक कुटुंब बाळाला छातीशी धरून बाहेर येत होतं. तात्या तिकडे बघत राहिले.

तेजलने समोरचं झबलं उचललं. लाल दोऱ्याची गाठ बोटांनी चाचपली.

“हा दोरा कुणी बांधलाय?” तिने विचारलं. “आक्कांनी, की तुम्ही?”